तेरा पौंडांचा नारळ

भावोजींनी मस्कतहून आणलेल्या बोलिंगच्या बॉलला एकही भोक नव्हतं. आईला वाटलं, दुकानदाराने त्यांना फसवलं. "भोकं आपल्या हाताच्या मापाने पाडून घ्यायची असतात," मी म्हटलं. "मग ती तिथेच नाही का पाडून आणता आली?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता, हे पुढचे तीन महिने मला पदोपदी जाणवलं.

हे क्रिकेटमधलं बोलिंग नव्हे. साठ फुटी लेनवरून जड गोळा सोडायचा आणि पलीकडच्या दहा पिना पाडायच्या, तो हा खेळ. मी गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघे खेळायला जायचो. तिथले बॉल सगळ्यांसाठी पाडलेले, म्हणजे कोणाच्याच हाताला न बसणारे. अंगठा आत खुळखुळतो आणि बोटं अडकतात. शिवाय ते सरळ जातात. उजव्या कडेने जाऊन शेवटच्या पंधरा-वीस फुटांत डावीकडे वळणारा आणि पहिल्या पिनेच्या खांद्यात घुसणारा बॉल एकदा व्हिडिओत पाहिला की माणूस कामातून जातो. मी गेलो.

नियमाने बॉल १६ पौंडांपर्यंत चालतो. माझं मनगट जुन्या दुखण्याचं, म्हणून मी १३ पौंड सांगितला होता, म्हणजे ५ किलो ९०० ग्रॅमच्या आसपास. भावोजींना तो अर्ध्याहून कमी किमतीत मिळाला, कारण तो 'सेकंड' होता. मस्कतच्या विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून बॅग गेली तेव्हा पडद्यावर गोलाच्या आत तिरका पडलेला विजेच्या दिव्यासारखा आकार दिसला म्हणे. तिथल्या माणसाने भावोजींना बाजूला घेऊन बॅग दोनदा उघडायला लावली. भावोजींना त्या प्रकाराचा राग अजून आहे. मला मात्र हेवा वाटतो, कारण माझ्या बॉलचं काळीज मी आजवर पाहिलेलं नाही, त्यांनी पाहिलंय.

तो दिवा म्हणजे गाभा. वरचं कवच रेझिनचं, आत हलकं भरण आणि मधे जड गाभा. साच्यात ओतताना गाभा ज्या दांडीवर धरलेला असतो, तिची खूण बॉलवर रंगीत ठिपका म्हणून राहते. तिला पिन म्हणतात (पाडायच्या पिनांशी हिचा संबंध नाही, नावं ठेवणाऱ्यांना दुसरा शब्द सुचला नसावा). दुसरी छोटी खूण असते गुरुत्वमध्याची, म्हणजे बॉल जिकडे जड आहे त्या बाजूची. तिला सगळे सीजीच म्हणतात. सर्वसाधारण बॉलवर या दोन खुणांत दोन ते चार इंच अंतर असतं. माझ्या खोक्यावर लिहिलं होतं : पिन सहा इंच, टॉप वेट (जड बाजूचा जास्तीचा भार) तीन औंस. म्हणजे गाभ्याचं डोकं एकीकडे आणि जडपणा भलतीकडे. स्वस्त का मिळाला, ते तिथे कळलं.

खेळणाऱ्या मित्रांनी लगेच निकाल दिला. जड बाजू जिकडे, तिकडे बॉल ओढणार. हा बॉल वेडावाकडा जाणार. मलाही ते पटलं. लहानपणी एका बाजूने चेपलेल्या गोट्या खेळलेल्या माणसाला पटणारच. गोव्यात बॉलला भोकं पाडून देणारं दुकान मला मिळालं नाही. बेंगळुरूच्या एका दुकानाला फोटो पाठवले, त्यांनी पार्सलचा खर्च सांगितला आणि वर "या पिनेवर काय होईल याची हमी नाही" असंही कळवलं. तेव्हा ठरवलं, आपणच करू. पंचवीस वर्षं मशीनच्या आवाजात काढल्यावर तीन भोकांना घाबरायचं?

महिनाभर रात्री वाचत बसलो. पहिल्या आठवड्यातच माझी गोटीची कल्पना मोडली. बॉल वळतो तो जड बाजूमुळे नव्हे, फिरकीमुळे आणि कवचाच्या पकडीमुळे. आणि गाभा ठरवतो ती पकड कधी, किती लागायची ते. हे मला नारळावरून उमगलं. असोला नारळ देठ वर करून उभा फिरवा, गुमान फिरतो. पूर्ण आडवा पाडून फिरवा, तसाही फिरतो. तिरका फिरवा, मग बघा कसा डुलतो. बॉलमधल्या गाभ्याचंही तसंच. सोडताना बॉल ज्या आसाभोवती फिरत असतो, त्या आसाचं टोक बॉलच्या पृष्ठभागावर एका जागी येतं. त्याला पीएपी म्हणतात. पिन बरोबर पीएपीवर ठेवली तर गाभा उभा, पावणेसात इंचांवर, म्हणजे २७ इंच घेराच्या पाव भागावर ठेवली तर आडवा. दोन्हीकडे बॉल शांत. मधोमध, तीन इंच तीन सुतांवर, डुलणं सर्वांत जास्त. डुललं की बॉल प्रत्येक फेऱ्याला तेल फिरवलेल्या लेनला नवी, तेल न लागलेली जागा टेकवतो आणि पकड घेतो.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे सगळं अमेरिकन लोकांनी इंचात लिहून ठेवल्याचा मला फार फायदा झाला. आमच्या वर्कशॉपात सूत अजून जिवंत आहे.

तर मग सीजीचं काय? त्याचं काम नियमापुरतं. पूर्वी भोकं पाडून झाल्यावर बॉलची एक बाजू दुसरीपेक्षा एका औंसाहून जड राहिली तर तो बाद. तसं झालं तर जड बाजूला चौथं भोक पाडून वजन काढून घ्यायचे. अमेरिकेच्या बोलिंग संघटनेने, म्हणजे यूएसबीसीने, १ ऑगस्ट २०२० पासून ते चौथं भोक बंद केलं आणि मर्यादा तीन औंसांपर्यंत सैल केली. म्हणजे ज्या नियमाने माझा बॉल बाद झाला असता, तो नियम आता बराच ढिला झाला होता. मी कुठल्या स्पर्धेत उतरणार होतो असं नाही. पण मेंटेनन्सवाल्याला टॉलरन्सच्या बाहेरचं काही हातात धरवत नाही.

आधी स्वतःचा पीएपी शोधायचा होता. बायकोच्या पाकिटातल्या टिकल्या घेतल्या, लेनवरच्या एका बॉलला अंदाजाने लावल्या आणि मित्राने मोबाईलवर स्लो मोशनमध्ये टिपलं. जी टिकली सुरुवातीच्या फिरकीत गोल न फिरता जागच्या जागी राहील, तो पीएपी. सव्वीस टाकांनंतर मिळाला : पकडीच्या, म्हणजे तिन्ही भोकांच्या, मध्यापासून उजवीकडे पाच इंच, वर दोन सूत. घरी परत आलेलं पाकीट बघून बायकोने जे काही म्हटलं ते इथे लिहीत नाही.

मग कागदावर मांडणी केली. मो पिनेल या अमेरिकन रचनाकाराची दोन कोन आणि एक अंतर अशी पद्धत आहे. माझा गाभा सममित असल्यामुळे मला त्यातलं अंतर आणि एकच कोन पुरला. पिन अनामिकेच्या भोकाच्या वर इंचभर, पीएपीपासून पावणेपाच इंच. फार डुलणारा बॉल मला नको होता, कारण आमच्या लेनवर तेल म्हणजे डोशाच्या तव्यावर फिरवलेल्या कांद्याइतकंच. कोरड्या लेनवर असा बॉल अर्ध्या वाटेतच वळून गटारात जातो. पिन तिथे ठेवली आणि सहा इंच खाली मोजलं, तर सीजी येऊन पडला बरोबर अंगठ्याच्या भोकाच्या काठावर. गणित मांडलं : अंगठ्याची बाजू दीड औंसाच्या थोडी वर जड राहणार. जुन्या नियमाने नापास, नव्याने पास.

पण खोक्यावरच्या खुणेवर माझा विश्वास नव्हता. सेकंड माल, खूण तरी बरोबर कशावरून? यावर मला सुचलेला उपाय मला अजून आवडतो. अकरा पौंडांचा बॉल साध्या पाण्यावर तरंगतो. सोळाचा कितीही मीठ घातलं तरी बुडणार. तेराचा मधला, तो साध्या पाण्यात बुडतो, पण दाट मिठाच्या पाण्यात तरंगेल असं गणित सांगत होतं. रस्त्याच्या कडेला गोणीतून विकायला बसतात त्या बाईकडून आगरातलं जाडं मीठ पाच किलो आणलं आणि वीस लिटर पाण्यात विरघळवलं. "लोणचं कसलं घालतोयस?" आईने विचारलं.

बॉल सोडला. आधी गपकन खाली गेला, मग सावकाश वर आला, पाण्याबाहेर जेमतेम वाटीएवढा भाग दाखवून थांबला. आणि मग वळू लागला. म्हशीने पाण्यात बसल्या बसल्या मान वळवावी तसा, कसलीही घाई न करता. लोगो बुडाला, पिन एका बाजूला गेली, आणि बॉल स्थिर झाला. सर्वांत वरच्या बिंदूवर टिकली लावली, बाहेर काढून पुसला, तिथून घेराच्या अर्ध्यावर, साडेतेरा इंच मोजलं. छापील खुणेपासून दोन सूत बाजूला. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तिथेच. कारखान्याने खूण खोटी मारली नव्हती, जरा आळसाने मारली होती.

बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत एक मिस्त्री आहेत, माझ्या पहिल्या नोकरीपासून ओळखीचे. साठी उलटलेली, उभ्या मिलिंग मशीनवर हात असा की डायल बघतात ते केवळ रीत म्हणून. पिशवीतून बॉल काढून टेबलावर ठेवला.

"हें कितें हाडलां रे?"

मी सांगितलं. त्यांनी बॉल उचलला, दोन्ही हातांत फिरवला, तीन खुणा बघितल्या आणि म्हणाले, नारळाला डोळे देवाने दिलेले असतात, तू मला पाडायला सांगतोस. मग हसले आणि लगेच कामाचं बोलले : "पयलीं ताका बसोवंक जाय." आधी त्याला बसवायला हवं.

गोल वस्तू मशीनवर धरायची म्हणजे अर्धं काम तेच. त्यांनी सहा इंची पाईपची कडी कापून तिची धार घासली, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. हंड्याखाली चुंबळ असते तशी बैठक तयार झाली. दोन बाजूंना स्टड, वरून मधे मोठं भोक पाडलेली पट्टी, तिच्याखालीही ट्यूब. कडी स्पिंडलच्या बरोबर खाली मधोमध आणली की ड्रिल बॉलच्या केंद्राकडेच उतरणार. भोक केंद्राकडून थोडं चुकवायचं असेल, म्हणजे 'पिच' द्यायचा असेल, तर टेबल तेवढं सरकवायचं आणि बॉल फिरवून खूण पुन्हा ड्रिलखाली आणायची. एवढं साधं. दुकानातलं खास जिग हेच करतं.

बोटांची भोकं ३१/३२ इंचांची हवीत, कारण आत रबरी नळीसारखी पकड चिकटवायची असते. ती मी पार्सलने मागवली होती. त्यांच्याकडे साडेचोवीस मिलीमीटरचं ड्रिल होतं. उरलेलं पॉलिश पेपरने काढू म्हणाले. आधी छोट्या ड्रिलने वाट केली, मग मोठं लावलं, गती अगदी कमी ठेवून. जास्त ठेवली तर रेझिन जळून चिकटतं. सुरुवातीला निळ्या-काळ्या रंगाच्या लांब फिती निघाल्या, खोबऱ्याच्या कातळीसारख्या वळत. साधारण पाऊण इंच गेल्यावर एकदम फिती थांबल्या आणि पांढरट भुसा उडू लागला. कवच संपलं, भरण लागलं. मिस्त्रींनी हँडल क्षणभर थांबवलं आणि मान हलवली. आवाज बदलला होता.

मधलं बोट, अनामिका, दोन्ही झक्क. मग अंगठा.

इथे जे झालं ते माझं कर्तृत्व. माझा अंगठा ताठ आहे, मागे वळत नाही. अशा माणसाला अंगठ्याच्या भोकाला एक सूत उलटा पिच द्यायचा, म्हणजे भोक तळव्यापासून बाहेर झुकतं आणि अंगठा सहज सुटतो. आत झुकवलं तर अंगठा अडकून राहतो. बोटांची भोकं पाडून झाल्यावर आम्ही बॉल पट्टीतून काढून उलट दिशेने बसवला होता. मी कागदावर बघून म्हटलं, "टेबल उजवीकडे एक सूत." बॉल फिरलाय म्हणजे उजवं-डावंही फिरलंय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मिस्त्रींनी विचारलंही, "उजवीकडेच ना?" मी हो म्हटलं. पंचवीस वर्षं मशीनच्या आवाजात काढलेला माणूस.

शनिवारी लेनवर गेलो. पहिला टाक : हात पुढे गेला, बॉल सुटलाच नाही, मग उशिरा सुटला आणि चार फूट हवेतून जाऊन लेनवर असा आदळला की काउंटरवरचा मुलगा बाहेर आला. दुसरा तसाच. पाचव्या टाकाला अंगठा सांध्याजवळ सोलवटला. मित्र म्हणाले, बघ, जड बाजू! सीजी अंगठ्यात आहे ना! मलाही क्षणभर तेच वाटलं, याची लाज वाटते. घरी येऊन भोकात पेन्सिल घातली, तिचा कल बघितला, आणि कपाळावर हात मारला. एक सूत बाहेर हवं होतं, एक सूत आत होतं.

भोक बुजवून पुन्हा पाडायला लागणार होतं. मालीमच्या धक्क्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा एक ओळखीचा आहे. होडीला लावतात तेच पॉलिएस्टर रेझिन आणि हार्डनर त्याने डब्यात घालून दिलं. एकच सूचना दिली, एकदम ओतू नकोस. रेझिन घट्ट होताना तापतं, जाड थर एकदम ओतला तर आतून तडकतो. तीन थरांत ओतलं, मधे मधे थांबून. दुसऱ्या थराच्या वेळी भोकावर तळवा धरला तर चहाच्या कपासारखी ऊब होती. दोन दिवस वाळू दिलं, कानशीने समतल केलं, पेपर मारला. होडीच्या तळाचा करडा-हिरवा गोल, निळ्या-काळ्या बॉलवर. दिसायला वाईट, पण पक्का.

दुसऱ्यांदा बॉल बसवला तेव्हा मिस्त्रींनी खडूने त्यावर बाण काढला आणि माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं, तळवा कुठल्या बाजूला. मग काठाला गोलाई देण्यासाठी अर्धा तास चाकूने खरवडत बसले. ते मी सांगितलं नव्हतं. तीक्ष्ण काठ अंगठा कापतो, म्हणाले. त्यांनी माझा अंगठा पाहिला होता.

पुढच्या शनिवारी पहिला टाक हातातून असा सुटला की मला कळलंही नाही. उजवीकडून गेला, साधारण चाळीस फुटांवर रेंगाळल्यासारखा झाला आणि मग वळला. आठ पिना. मित्र काही बोलले नाहीत. परत आलेला बॉल मी टाकला नाही, ट्यूबलाइटखाली धरला. त्यावर तेलाच्या बारीक कड्या उमटल्या होत्या, एकमेकींपासून दोन सुतांच्या अंतरावर, मधे फाकलेल्या आणि दोन ठिकाणी एकत्र येऊन छेदणाऱ्या, पतंगाच्या गाठीसारख्या. पाच मोजल्या. एकही बोटांच्या भोकावरून गेलेली नव्हती. हेच ते डुलणं, आणि ते कागदावर जेवढं ठरवलं होतं तेवढंच होतं. जडपणा अंगठ्याच्या काठावर बसलेला होता, आणि बॉलला त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

मिठाचं पाणी मी ठेवलंच होतं. भोकांवर चिकटपट्टी लावून बॉल पुन्हा तरंगवला. जड बाजू अजूनही अंगठ्याकडेच, पण आता थोडी डावीकडे सरकलेली. होडीच्या रेझिनची करामत असावी. मग आईने ते पाणी परसातल्या माडाच्या आळ्यात ओतायला लावलं. माडाला मीठ लागतं, तिचा हिशेब साफ होता.

डिसेंबरात कामासाठी बेंगळुरूला जाणं झालं, बॉल बरोबर नेला. ज्या दुकानाने हमी दिली नव्हती तिथेच गेलो. तिथल्या माणसाने तो बॉलसाठीच्या खास तराजूवर ठेवला, फिरवला, पुन्हा ठेवला. अंगठ्याकडे एक औंस आणि पाच सूत, त्याच्या भाषेत एक पूर्णांक पाच अष्टमांश. बाजूचा फरक पाव औंस. मग बराच वेळ तो करड्या गोलाकडे बघत राहिला. कोणी पाडलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मिलिंग मशीनवर. त्याने पुन्हा बघितलं.

बाहेर येऊन मी मिस्त्रींना फोन लावला आणि आकडे वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतलं, औंस वगैरेत त्यांना रस नव्हता.

"तें आसूं," ते म्हणाले. "आंगठो सुटता मरे आतां?"

"सुटतो," मी म्हटलं.